पाला कोरडा, धान्य मोकळं

चि. रेवास,

अनेक आशीर्वाद.

बल्गर (उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा) आणि पार्सलीच्या (कोथिंबिरीसारखा दिसणारा पाला) दोन जुड्या आणून सॅलड केलंस आणि तासाभरात त्याला तळाशी पाणी सुटलं, पानं काळवंडली, असं कळवलंस. चव बरी होती पण खावंसं वाटेना, हेही. तुझ्या हातून मसाला चुकलेला नाही, पाणी चुकलंय. हिरव्या पाल्याच्या आणि धान्याच्या सॅलडमध्ये बाकी सगळं मागेपुढे चालतं, पाण्याकडे मात्र पहिल्यापासून लक्ष ठेवावं लागतं. पानांवर राहिलेलं पाणी, टोमॅटोतलं पाणी आणि धान्याने प्यायलेलं पाणी, या तिन्हींचा बंदोबस्त केलास की काम झालं.

आधी एक ठरव: तुला पाल्याचं सॅलड हवंय की धान्याचं? लेबनॉन-सीरियाकडचं तब्बुले हे पाल्याचं सॅलड. त्यात बल्गर नावापुरतं, मूठभर पार्सलीत इथे तिथे दिसेल एवढंच. तुर्कस्तानातल्या किसिरमध्ये उलटं: बल्गर मुख्य, पाला सोबतीला. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण अर्धं हे अर्धं ते केलं की पाला धान्याच्या ओझ्याखाली दबतो आणि धान्य पाल्याच्या ओलाव्याने फुगतं. तुझ्या भांड्यात तेच झालं असणार. तब्बुले म्हणून ज्या पाककृती फिरतात, त्यांतल्या बऱ्याचशांत बल्गर तिप्पट-चौपट असतं.

बल्गर म्हणजे काय हे नीट समजून घे, कारण इथे फसायला होतं. गहू आधी उकडतात, मग वाळवतात, मग भरडून चाळतात. तो एकदा शिजलेला असतो, म्हणून बारीक बल्गर नुसतं भिजवूनही खाता येतं. कच्च्या गव्हाचा भरडा दिसायला जवळपास तसाच, पण तो भिजवून खाल्लास तर पिठूळ आणि कचकचीत लागेल, पोटालाही जड. ओळखायचं कसं? एक दाणा उजेडात धरून तुटलेली बाजू बघ. बल्गरची तुटलेली बाजू काचेसारखी, पिवळसर-तपकिरी आणि थोडी पारदर्शक असते. कच्च्या भरड्याची पांढरी आणि पिठाळ असते, बोटाला पीठ लागतं. बल्गरच्या पाकिटावर बहुधा १ ते ४ असा आकडा असतो. १ म्हणजे सगळ्यात बारीक, तब्बुले आणि किसिरसाठी तेच. ३ आणि ४ जाड, ते शिजवावंच लागतं.

आता पाला. चार जणांच्या तब्बुलेला निवडून १५० ग्रॅम पार्सली लागते, म्हणजे दोन भरगच्च जुड्या. सपाट पानांची घे. कुरळ्या पानांची पार्सली चवीला फिकी आणि खाताना घशाशी खरखरते. पुदिन्याची पानं २५ ग्रॅम. पार्सलीचे पानांजवळचे कोवळे देठ राहू देत, खालचे जाड काढून टाक. पुदिन्याचे देठ मात्र एकही नको, ते चोथट लागतात. (कोथिंबीर वापरणार असशील तर तिचे देठ टाकू नकोस, वास पानांइतकाच त्यांतही असतो. फक्त पाहुण्यांना आधी विचार. काही जणांना कोथिंबीर जन्मतःच साबणासारखी लागते, तो त्यांचा हट्ट नसतो.)

धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घे, पाला बुडवून हाताने हलव, मिनिटभर थांब आणि पाला वरच्या वर उचलून चाळणीत काढ. पातेलं चाळणीत ओतायचं नाही. माती तळाशी बसलेली असते, ओतलंस की ती परत पाल्यावर येते. तळाशी रेतीचा कण दिसेनासा होईपर्यंत पाणी बदलून हेच कर.

मग सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: सुकवणं. सॅलड स्पिनर (पाला गरगर फिरवून पाणी काढायचं भांडं) असेल तर थोडा थोडा पाला घालून फिरव, दर वेळी साठलेलं पाणी ओतून टाक. नसेल तर कोरड्या सुती कापडावर एक थर पसर, वर दुसरं कापड ठेवून सैलसर गुंडाळी कर आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव. हातात पानं घेतलीस आणि तळव्याला ओल लागली नाही, की चिरायला तयार. ओली पानं चिरली की ती सुरीखाली एकमेकांना चिकटतात, सुरी कापण्याऐवजी चेंगरते आणि पाटावर हिरवं पाणी साठतं. त्या पाण्याबरोबर चव गेली.

चिरण्याबद्दल माझं मत ठाम आहे: मिक्सर किंवा चॉपर अजिबात नको. त्यांत पानांचा लगदा होतो आणि सॅलड चटणीच्या वाटेला लागतं. सुरीला आधी धार लाव. पानांची मूठ घट्ट आवळून धर आणि एका कडेने दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काप. कापलेल्या ढिगावर पुन्हा पुन्हा सुरी चालवू नकोस. जेवढे वार जास्त, तेवढ्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो. पुदिना सगळ्यात शेवटी चिर, वाढायच्या दहा मिनिटं आधी. चिरल्यावर त्याच्या कडा हवेतल्या ऑक्सिजनने झपाट्याने काळ्या पडतात. तुझी पानं काळवंडली त्यात मोठा वाटा पुदिन्याचाच असणार.

टोमॅटो २५० ग्रॅम, लाल पण घट्ट. आडवे अर्धे करून बिया आणि रस एका वाटीत काढून घे, गराचे बारीक चौकोनी तुकडे कर. तो रस फेकू नकोस. गाळून घे, त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस मिसळ आणि ४० ग्रॅम बारीक बल्गर त्यातच भिजव. वेगळं पाणी घालायचं नाही. अर्ध्या तासात दाणा मऊ होतो, पण मध्यभागी जरासा करकरीत राहतो आणि तसाच हवा, कारण पुढे मिसळल्यावर तो आणखी ओल शोषणार आहे. टोमॅटोतून नंतर जे पाणी सुटेल त्याचं काय करायचं, ही चिंता मिटते. बल्गर आधीच पाण्यात भिजवून तट्ट फुगवलंस तर शोषायला त्याच्यात जागाच उरत नाही, आणि सगळा रस भांड्याच्या तळाशी उतरतो.

कांद्याची पात ५० ग्रॅम, पांढऱ्या भागासकट बारीक चिरून. तिला पाव चमचा मिरपूड, चिमूटभर दालचिनीची पूड आणि थोडं मीठ लावून बोटांनी हलकं चोळ. उग्रपणा कमी होतो आणि मसाला एका जागी गोळा न राहता सगळीकडे पसरतो. पात आधीपासून चिरून ठेवू नकोस, राहिली की कडवट वास धरते.

मिसळायचा क्रम असा ठेव: भिजलेलं बल्गर, टोमॅटो आणि पात एकत्र कर. वर पार्सली. इथपर्यंतचं भांडं अर्धा तास थांबू शकतं. पुदिना चिरून घालायचा तो वाढायच्या दहा मिनिटं आधी. मीठ (एकूण सपाट चहाचा चमचा, सुमारे ५ ग्रॅम, पातीला लावलेलं धरून), उरलेला दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि ६० मिली ऑलिव्ह तेल हे पानात वाढायच्या वेळीच. मीठ लागताक्षणी पानं आणि टोमॅटो पाणी सोडायला लागतात, आणि आंबटपणामुळे पानांतलं हरितद्रव्य बदलून हिरवा रंग मळकट होत जातो. दोन्ही गोष्टी टाळता येत नाहीत, लांबवता येतात. दोन्ही हातांनी खालून वर उचलत मिसळ, चमच्याने दाबून ढवळू नकोस. लेट्यूसच्या किंवा कोबीच्या कोवळ्या पानात घेऊन खातात, तसं वाढ.

किसिरसारखं धान्याचं सॅलड करशील तेव्हा बारीक बल्गर एक वाटी आणि उकळतं पाणी त्याच वाटीने एक. ओत, एकदा हलव, झाकण घाल, वीस मिनिटं उघडू नकोस. दाणा टणक वाटला तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा झाक. सुरुवातीलाच जास्त पाणी घातलंस तर मागे फिरता येत नाही. दोन मोठे चमचे टोमॅटोची पेस्ट तेलात मिनिटभर परतून कच्चा वास घालव, लाल मिरचीची पेस्ट मिळाली तर एक चमचा तीही, आणि बल्गर कोमट असतानाच हाताने चोळून लाव. मग लिंबू आणि डाळिंबाचा आटवलेला आंबट रस. पाला धान्य पूर्ण गार झाल्यावर घाल, नाहीतर तो वाफेवर शिजतो.

दुसरी धान्यं वापरायची तर एक सवय लावून घे: ती भरपूर पाण्यात उकळ, पाणी मोजत बसू नकोस. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ, पाणी खळखळल्यावर धान्य टाक, शिजलं की चाळणीत ओत. मोजून पाणी आटवलं की खालचा थर गिचका आणि वरचा कच्चा राहण्याची शक्यता जास्त. क्विनोआ १२ ते १५ मिनिटं, दाण्याभोवतीची पांढरी शेपटी सुटली की झाला. पण तो आधी चोळून तीन पाण्यांनी धू, त्याच्या सालीवर सॅपोनिन असतं, त्याने कडू लागतो आणि धुताना फेस येतो. पॉलिश केलेलं बार्ली (जव) सुमारे अर्धा तास. जाड बल्गर दहा-बारा मिनिटं. कुसकुस याला अपवाद, तो रव्याचाच प्रकार आहे. समान मापाचं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकला की पुरे, मग काट्याने मोकळा कर.

निथळल्यावर धान्य चाळणीतच ढीग करून ठेवशील तर वाफ आत कोंडते आणि दाणे चिकटतात. मोठ्या ताटात पातळ पसर, पाच मिनिटांत वरची ओल उडून जाते. अजून गरम असताना मीठ आणि लिंबाचा निम्मा रस लाव, चव आत मुरते. तेल त्यानंतर, कारण आधी तेल लागलं की दाण्यावर त्याचा लेप बसतो आणि रस वरच्या वर राहतो. २०० ग्रॅम कोरड्या धान्याला १०० ग्रॅम पाला, ६० मिली लिंबाचा रस आणि ७५ मिली तेल, यापासून सुरुवात कर. फ्रिजमधून काढलेलं सॅलड बाहेर ठेवून थोडं कोमटल्यावरच चाख. गार पदार्थात मीठ कमी भासतं आणि मग हात सैल सुटतो.

तांदळाच्या सॅलडबाबत एक काळजीची गोष्ट. शिजलेल्या भातात, आणि बाकी धान्यांतही, उकळूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू राहतात. धान्य तासन्‌तास कोमट राहिलं तर ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पसरून लवकर गार कर आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाक. तसाही फ्रिजमधला भात कडक होतो. दुसऱ्या दिवसासाठी करायचं असेल तर बार्ली किंवा जाड बल्गर घे, ती मऊ राहतात. ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन) न चालणारं कोणी जेवायला असेल तर बल्गर, बार्ली, कुसकुस तिन्ही बाद, क्विनोआ किंवा तांदूळ घे.

उरलेल्या जुड्या: पार्सली आणि कोथिंबीर फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात उभी करून, वर सैल पिशवी घालून फ्रिजमध्ये. पुदिना किंचित ओलसर कापडात गुंडाळून. बेसिल (परदेशी तुळस) मात्र ओट्यावरच पाण्यात ठेव, फ्रिजच्या थंडीने ती काळी पडते.

आणि आत्ता भांड्यात पाणी सुटलेलं सॅलड अजून असेल तर टाकू नकोस. चाळणीत दहा मिनिटं निथळू दे, खाली आलेल्या रसात दोन-तीन चमचे कोरडं बारीक बल्गर भिजव, मऊ झालं की परत मिसळ आणि मूठभर ताजी पार्सली चिरून घाल. मीठ पुन्हा घालण्याआधी चाख, रसातलं मीठ बल्गरबरोबर परत आलेलं असतं.

तुझी,
आई