एटीव्हीचा तापमान दिवा, चुकीचे निदान आणि नाकारलेली वॉरंटी: तक्रार पत्र

सोलापूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतील एटीव्हीचे सदोष वायरिंग बदलून मिळणे व अनावश्यक पार्टच्या बिलाचा परतावा मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी, हॅन्डलची चारचाकी) मोहोळ तालुक्यातील डाळिंबाच्या बागेत फवारणीची टाकी ओढते. तिचा इंजिन तापमानाचा लाल दिवा इंजिन थंड असतानाही लागतो. येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने आधी दिव्याचा थर्मोस्विच बदलला, मग थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला आणि दोन्हींचे बिल लावले. दिवा होता तसाच आहे. आता 'सोलापूरचं ऊन, गाडी तापणारच' असे सांगून वॉरंटी नाकारली आहे.

गाडी तापत नाही. रात्रभर उभ्या मशीनची चावी फिरवली की हा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. हॅन्डल डावीकडे असेल तर तो विझतच नाही. चालताना ड्रिपच्या नळीवर चाक आदळले किंवा हॅन्डल पूर्ण डावीकडे वळवले की लागतो, उजवीकडे वळवले की विझतो. इंजिन खरेच तापले तर दिवा हॅन्डलकडे बघून लागत नाही. तो ओझे घेऊन संथ चालताना लागतो आणि पंखा काही वेळ फिरल्यावर विझतो.

या मॉडेलच्या थर्मोस्विचला एकच वायर आहे. ठरलेल्या तापमानाला स्विच आतून जुळतो, वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते, आणि दिवा लागतो. म्हणून पहिली चाचणी मिनिटभराची आहे: इंजिन थंड, चावी ऑन, स्विचचा कपलर (वायर जोडणारा प्लग) काढायचा. दिवा विझला तर स्विच खराब. लागलेलाच राहिला तर स्विच निर्दोष, दोष वायरमध्ये किंवा हा दिवा असलेल्या मीटरमध्ये. इथे कपलर काढला तरी जुना स्विच असताना दिवा लागलेला राहत होता, नवा बसवल्यावरही राहतो. सेंटरने हे एक मिनिट दिले असते तर एकही पार्ट बदलावा लागला नसता.

पुढची तपासणी बॅटरीची निगेटिव्ह काढून आणि मीटरचा कपलरही सोडून केली. दोन्ही टोके मोकळी असताना त्या वायरचा चेसिसशी संबंध नको, मल्टीमीटरने 'ओपन' दाखवायला हवे. हॅन्डल डावीकडे असताना तो ०.४ ओहम दाखवतो, उजवीकडे नेले की ओपन. म्हणजे मीटर निर्दोष, वायर बॉडीला लागते आहे.

जागाही सापडली. हॅन्डलच्या दांड्याजवळ हार्नेस (नळीत बांधलेली वायरांची जुडी) पत्र्याच्या ब्रॅकेटवरून वळतो. ब्रॅकेटची कड धारदार आहे, हार्नेसची नळी तिथे घासून फाटली आहे आणि आतले तांबे हिरवट पडून उघडे दिसते. ब्रॅकेटला क्लिपसाठी भोक आहे, क्लिप नाही. भोकाच्या कडेचा कारखान्यातला रंग अजून अखंड आहे, त्यावर ओरखडासुद्धा नाही. म्हणजे क्लिप कधी बसलीच नव्हती. हा वापरातला दोष नव्हे, जोडणीतला आहे.

तरीही तापण्याची शंका नको म्हणून तेही पाहिले. चकचकीत ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन तापमान कमी दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून मोजले: टाकी ओढताना ८८ अंश. पंखा वेळेवर सुरू होतो, रेडिएटरच्या जाळीत चिखल नाही. निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर आणि १.१ बारचे झाकण असताना उकळबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. बाहेरच्या ४३ अंशांना दोष देऊन भागणार नाही. परत मिळालेला जुना थर्मोस्टॅट गरम पाण्यात धरला, तर त्यावर कोरलेल्या ८२ अंशांच्या आसपास व्यवस्थित उघडतो. तो बदलताना सिस्टिममधली हवा काढल्याची नोंद मात्र जॉब कार्डवर नाही.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे सेंटरचा शेवटचा सल्ला: 'बल्बच काढून टाका.' उद्या खरोखर होज फुटला तर चालकाला कळणार कसे? हेड वाकून गॅस्केट गेल्यावर? आणि 'शेतात वापरली' हे कारण तर देऊच नये. आपल्या माहितीपत्रकावर फळबागेचेच चित्र आहे.

मागण्या अशा: हार्नेसचा तो भाग वॉरंटीत बदलावा, ब्रॅकेटच्या कडेला रबर व क्लिप बसवावी आणि थर्मोस्विच, थर्मोस्टॅट व मजुरीची रक्कम परत करावी. नुसती टेप गुंडाळलेली चालणार नाही. रेडिएटरच्या गरम हवेत तिचा डिंक सुटतो आणि वायर पुन्हा त्याच कडेवर येते. काम झाल्यावर हॅन्डल दोन्ही टोकांपर्यंत वळवून घेतलेले मल्टीमीटरचे रीडिंग जॉब कार्डवर लिहून द्यावे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली जाईल. ग्राहक राहतो तिथे दाद मागण्याची तरतूद त्या कायद्यात आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: दोन्ही बिले, जॉब कार्डच्या प्रती, ब्रॅकेट व उघड्या वायरची छायाचित्रे, हॅन्डल वळवताना मल्टीमीटरचा व्हिडिओ. जुने दोन्ही पार्ट जपून ठेवले आहेत.