धडक बसलेल्या प्राण्याच्या छातीचाही एक्स-रे काढा

महोदय,

गाडीची धडक बसलेला कुत्रा किंवा गॅलरीतून पडलेले मांजर उठून चालू लागले, अंगावर जखम दिसली नाही, की घरचे लोक निर्धास्त होतात. पशुवैद्यक म्हणून मला मात्र अशाच प्राण्यांची अधिक काळजी वाटते. धडकेच्या क्षणी पोटातला दाब एकाएकी वाढतो आणि छाती व पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजेच श्वासपटल, फाटू शकतो. मग यकृत, आतडी, प्लीहा, कधी जठरसुद्धा छातीत शिरते आणि फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही.

अवयव असे जागा सोडून छातीत शिरणे म्हणजेच हर्निया. तो कित्येकदा आठवडे, क्वचित वर्षेही लपून राहतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आणलेली मांजरी दीड महिन्यापूर्वी तिसऱ्या मजल्यावरून पडली होती. तेव्हा तिच्या पायाचा एक्स-रे काढला गेला, छातीचा नाही. तक्रार एवढीच होती, की ती खाणे अर्ध्यावर सोडते आणि आडवी न होता बसूनच पेंगते. स्टेथोस्कोप लावला तेव्हा एका बाजूला हृदयाचे ठोके दबलेले होते आणि तिथे आतड्यांची गुरगुर ऐकू येत होती. एक्स-रेमध्ये श्वासपटलाची रेघच दिसेना. छातीत पाणी साठले असेल, तर एक्स-रे धूसर येतो आणि सोनोग्राफी करावी लागते. धाप लागलेल्या प्राण्याला मात्र एक्स-रेसाठी बळजबरीने उताणे पाडू नये, तेवढ्यानेही त्याचा जीव जाऊ शकतो.

आधी ऑक्सिजन देऊन प्राण्याला सावरावे आणि मगच शस्त्रक्रिया करावी, हे खरे. पण जठर छातीत जाऊन वायूने फुगू लागले असेल, तर थांबायला वेळ नसतो. पोटाच्या मध्यावर छेद देऊन अवयव अलगद मागे घेणे आणि पडदा शिवणे यापेक्षा खरी कसोटी भुलीची असते. पोट उघडताच फाटलेल्या जागेतून हवा छातीत शिरते, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालून, शेवटचा टाका पडून छातीतली हवा काढून होईपर्यंत, प्राण्याला बाहेरून श्वास द्यावा लागतो. दीर्घकाळ दबलेली फुप्फुसे एकदम जोराने फुगवली, तर त्यांत पाणी उतरते. तिथे घाई जिवावर बेतते.

म्हणूनच पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात भुलीचे यंत्र, ऑक्सिजन आणि भूल सांभाळणारा स्वतंत्र डॉक्टर यांची कायमची सोय करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक पशुवैद्यक, सातारा