आवंदाचा आगमनकाळ

ता. अंबड, जि. जालना
24 नोव्हेंबर 2025

प्रिय दोस्ता,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज मिळाला. "नाताळची तयारी कुठवर?" याचं उत्तर दोन ओळींत देता येईना, म्हणून हे पत्र.

काल ख्रिस्तराजाचा सण झाला, आपलं उपासनावर्ष संपवणारा. मिरवणूक निघाली, पण छत्र धरायला तरणी माणसं शोधावी लागली. मागच्या वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलूप आहे. दिवाळी सरली, मुकादमाचे ट्रॅक्टर आले आणि ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. ते दरवर्षीचंच. पण आवंदा जी घरं कधी कारखान्याकडे फिरकली नव्हती, त्यांनीही मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली. सप्टेंबरअखेर गोदावरी शिवारात शिरली ते तू टीव्हीवर पाहिलंसच. सोयाबीन शेंगेतच सडलं, कपाशी उभी काळी पडली. नदीकाठच्या रानांतली तर मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडला. आपल्याबरोबर बोर्डिंगला होता ना, तो तुझा कबड्डीतला जोडीदार, आठ एकरांचा मालक, तोही बायकोला घेऊन गेला. म्हातारी आणि दोन पोरं घरी आहेत.

आता येत्या रविवारी, 30 तारखेला, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार. त्या दिवसापासून वर्षभर रविवारची वाचनं मत्तयची, आणि पहिलंच शुभवर्तमान 24 व्या अध्यायातलं, नोहाचं. माणसं खात-पीत होती, लग्नं करत होती, आणि पूर येऊन सगळ्यांना घेऊन जाईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. पुढं ते शेतातले दोघे, एकाला नेलं जाईल, एक मागं राहील. फादर मला म्हणाले, "मास्तर, यावर प्रवचन काय करू? ज्यांना सांगायचं ते उसाच्या फडात. जे इथं आहेत त्यांनी पूर माझ्यापेक्षा जवळून पाहिलाय." फादर केरळचे, पण आता तेही आपल्यासारखं 'आवंदा' म्हणतात.

मी एवढंच म्हटलं, की पूर ही शिक्षा होती असं चुकूनही वाटू देऊ नका. पारावर "पाप वाढलं म्हणून पाणी आलं" म्हणणारे आधीच कमी नाहीत, आणि म्हणणाऱ्यांची रानं बहुधा माळावर असतात! येशू तिथं कुणाच्या पापाचा हिशेब काढत नाही. जागे राहा, वेळ ठाऊक नाही, एवढंच म्हणतो. फादरांना पटलेलं दिसलं. रविवारी कळेल.

तयारीचं म्हणशील तर सिस्टरनी आगमनमाळ केलीय, दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांची. सायकलची जुनी रिंग, तिला अशोकाची पानं सुतळीनं बांधलेली. पानं आठवड्यात वाळतात, म्हणून पोरी रोज पाण्याचा हबका मारतात आणि खालची चादर भिजवतात. तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी काही मिळेना. मग पांढरीलाच वितळलेल्या मेणात रंग कालवून पुट चढवलंय. एका बाजूनं गुलाबी, दुसऱ्या बाजूनं लालभडक. फादरांना गुलाबी झगा नाहीच, तेव्हा तो प्रश्न मिटला. मिस्सेतलं गौरवगीत आता रविवारी नाताळपर्यंत बंद, त्यामुळं कॉयरवर निम्मा भार कमी. पण पेटीवाला टोळीबरोबर गेलाय. बायका कापूस वेचून अंधार पडता येतात, त्यांना सरावाला बसवायचं म्हणजे आधी चहा ठेवावा लागतो.

खरी गंमत पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत झाली. दरवर्षी कॅरलची फेरी घरोघर जाते, लोक ज्वारी घालतात, नोटा देतात, त्यातून मांडव आणि जेवण होतं. काही मंडळींना या वर्षी मोठा तारा आणि गेटापर्यंत लायटिंग हवी होती. मी म्हटलं, ज्या घरात खायला रेशनचाच तांदूळ आहे तिथं झोळी घेऊन जायचं कुठल्या तोंडानं? आवाज चढले. तेवढ्यात कोपऱ्यातली म्हातारी, त्याच कबड्डीवाल्याची आई, म्हणाली, "तारा लावा न्हाईतर नका लावू. माझ्या लेकाला तिथं गाणं कोण म्हणणार, ते सांगा."

पुढं फार कुणी बोललं नाही. ठरलं असं, की फेरी गावात निघेल पण झोळी नसेल, आणि 14 डिसेंबरला मिस्सा झाली की टेम्पो करून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अड्ड्यावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामावर, जायचं. 17 तारखेचंही नाव निघालं होतं, पण तो आपल्या धर्मप्रांताचा वाढदिवस (1977 साली याच तारखेला अमरावतीतून वेगळे झालो), फादर त्या दिवशी गावात नसतील. जालन्याच्या प्रॉटेस्टंट मंडळीतले दोघे ढोलकीवाले येतो म्हणालेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं त्यांना तोंडपाठ, आपल्यासारखं पुस्तक चाळत बसत नाहीत. मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासूनचं ते पाणी.

अड्ड्यावर रविवार वगैरे काही नसतो. पहाटे अंधारात फडात जायचं, दुपार कलल्यावर मोळ्या वाहून झाल्या की कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतायचं, आणि ऊस न्यायची गाडी लागली तर रात्री दोनलाही भरायला उठायचं. त्यामुळं मिस्सा चारच्या पुढं, बैलगाडीवर चादर टाकून. मध्येच गाडी लागली तर अर्धी माणसं उठून जातील, हे फादरांना आधीच सांगून ठेवलंय. मुकादमाशी बोलणं झालंय. त्याची अट एकच, भाषणबाजी नको.

तर लेका, पेटी वाजवायला तू ये. पुण्याहून परभारे आलास तरी चालेल, अड्ड्याचा पत्ता मी पाठवतो. पेटी आम्ही आणू. भात्याला पट्टी लावलीय, वरचा एक सूर अडकतो, तेवढं सांभाळून घे. आणि सोसायटीत मुलांची जुनी स्वेटरं जमली तर घेऊन ये, सहा ते बारा वयाची. मोठ्यांची नकोत, ती इथं जमलीत. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा. येतोस की नाही ते पहिल्या रविवारच्या आत कळव, टेम्पोवाल्याला माणसं मोजून सांगायचीत.

तुझाच,
मास्तर