कढईतल्या तेलाची तपासणी घाईने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा इथल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, एका दुकानात तळणीच्या तेलात मीटर बुडवून तपासणी चाललेली पाहिली. फार बरे वाटले. पण कचोऱ्यांचा घाणा काढला आणि तेल फसफसत असतानाच मीटर आत गेला. माझे आयुष्य कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेले, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा मीटर तेलाची परमिटिव्हिटी, म्हणजे विद्युतक्षेत्राला तेल किती प्रतिसाद देते ते, मोजतो. ताज्या खाद्यतेलाची ती 3 च्या आसपास असते. तेल पुन्हा पुन्हा तापले, पदार्थातले पाणी आणि हवा लागली, की त्याचे रेणू तुटतात, ध्रुवीय घटक (ज्यांच्या रेणूंची एक बाजू किंचित धन, दुसरी ऋण असते) वाढतात आणि परमिटिव्हिटी चढते. त्यावरून मीटर या घटकांची टक्केवारी दाखवतो. जुलै 2018 पासून 25 टक्क्यांच्या वरचे तेल वापरायला मनाई आहे.

आता त्या फसफसण्याचे. पाण्याची परमिटिव्हिटी 20 अंशांना 80, उकळत्या पाण्याचीही 55 च्या घरात. वाफेची मात्र जेमतेम 1. म्हणजे बुडबुडा आकडा खाली ओढणार, पाण्याचा अंश वर चढवणार. असा आकडा ना दुकानदाराला न्याय देतो, ना गिऱ्हाइकाला. तळण काढून पाच मिनिटे थांबावे, तेल शांत झाल्यावर ढवळावे आणि कढईच्या लोखंडापासून दूर धरून मोजावे. एवढी सवड काढता येतेच.

याहून मोठी काळजी वेगळी आहे. 30 टक्क्यांच्या तेलात तेवढेच 6 टक्क्यांचे नवे तेल ओतले की मिश्रण 18 वर येते आणि पास होते. जुन्या तेलातले घटक कुठेही गेलेले नसतात, फक्त पातळ झालेले असतात. आपल्याकडे तर दिवसभर वरून तेल घालायचीच पद्धत आहे. म्हणून मोजणी रात्री उशिरा, नवे तेल पडण्याआधी व्हायला हवी. हिवाळ्यात, गराडूच्या (तळून खायच्या कंदाच्या) दिवसांत तर नक्कीच, कारण तेव्हा कढया मध्यरात्रीपर्यंत उतरत नाहीत.

अन्नसुरक्षा विभागाला एकच विनंती. आकडा 25 च्या अगदी जवळ आला तर जागेवर हुज्जत नको. मीटर हा अंदाज आहे. नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवावा आणि तिथला निकाल दुकानदाराला लेखी द्यावा.

एक निवृत्त प्रयोगशाळा सहायिका,
इंदूर