आधी अंदाज, मग सिम्युलेशन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सहावी ते आठवीच्या मुलांना खगोलशास्त्र सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकावरील आभासी प्रयोगांच्या, साहाय्याने शिकवावे, असा आग्रह अलीकडे वाढला आहे. विज्ञानाचा शिक्षक म्हणून माझा त्याला पाठिंबाच आहे. मात्र पडद्यावर फिरणारे ग्रह दाखवले की शिकवणे झाले, ही समजूत मला घातक वाटते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पात गुरुत्वाकर्षण आणि कक्षा या विषयावरचे एक मोफत सिम्युलेशन आहे. त्यात गुरुत्वाकर्षण चक्क बंद करता येते. ते बंद करण्यापूर्वी, आता चंद्र कोणत्या दिशेला जाईल, हे मी मुलांना वहीत बाण काढून दाखवायला सांगतो. बरेच जण पृथ्वीपासून थेट बाहेर जाणारा बाण काढतात, तर काहींचा चंद्र जागीच थबकतो. प्रत्यक्षात तो कक्षेच्या स्पर्शरेषेवरून सरळ निघून जातो आणि वर्गात वाद सुरू होतो. मग गुरुत्वाकर्षण पुन्हा सुरू करून चंद्राचा वेग शून्य केला, की तो पृथ्वीवर कोसळतो. (खऱ्या चंद्राला त्यासाठी पाचेक दिवस लागतील.) चंद्र सतत पडतच असतो, पण आडव्या वेगामुळे त्याची पृथ्वीशी गाठ पडत नाही, हे एवढ्यावरून मुले स्वतःच बोलून दाखवतात. ‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते’ हा हट्टी गैरसमजही इथेच सैल होतो, कारण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकापाशीही ते जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. अंदाज न लिहिता हेच दृश्य पाहिलेली मुले मात्र ‘छान होते’ म्हणून मोकळी होतात.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. सारे काही पडद्यावर मावावे म्हणून बहुतेक सिम्युलेशनमध्ये ग्रह अवाढव्य आणि अंतरे आखूड दाखवतात. पृथ्वी ३० सेंटीमीटर व्यासाचा चेंडू मानली, तर चंद्र सुमारे ८ सेंटीमीटरचा होतो आणि तो तब्बल ९ मीटर दूर धरावा लागतो. हे मुलांना चालत जाऊन मोजायला लावल्याखेरीज पडद्यावरचे चित्र त्यांच्या मनातून हलत नाही. ‘फेट’मध्ये प्रमाणबद्ध दृश्याची वेगळी सोय आहे, पण ते उघडायचे शिक्षकाला सुचले पाहिजे.

म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात केवळ कोणते बटण कुठे आहे एवढेच न सांगता, प्रत्येक सिम्युलेशनसोबत मुलांनी आधी भरायचा अंदाजाचा कागद आणि त्या सिम्युलेशनमध्ये काय खरे नाही हे सांगणारी एक टीप द्यावी, अशी अभ्यासक्रम आखणाऱ्यांना विनंती आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक