यंदा गमबूट नकोत, मायक्रोस्कोप हवाय : पाड्यांवरच्या गरोदर बायांसाठी एक आवाहन

नमस्कार मंडळी,

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडची आपली जी माणसं मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे, दुबई अशी पांगलीत त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि ज्यांचा या भागाशी संबंध फक्त पावसाळ्यात धबधबा बघायला येण्याइतकाच आहे त्यांनीही वाचलं तर चालेल. आमचं मंडळ छोटं आहे, पाच पाड्यांचं, गणपती आणि क्रिकेट सोडून तिसरं काहीतरी करावं म्हणून तीन वर्षांपूर्वी आरोग्याच्या कामात पडलो. यंदा पाड्यांवरच्या गरोदर बायांच्या पोटात जंत किती आहेत ते मोजायचंय, त्यासाठी मदत मागतोय.

आधी मागच्या वर्षीची फजिती सांगतो, कारण त्यासाठी तुमच्यातल्याच काहींनी पैसे दिले होते आणि हिशोब द्यायला लागतो. कुठेतरी वाचलं की जंत पायातून शिरतात, म्हणून आवणीच्या (भातलावणीच्या) आधी बायांना गमबूट वाटले. पहिल्याच दिवशी खाचरात बूट चिखलात रुतून बसले, पाय वर आला आणि बूट खाली राहिला, बाया हसून हसून बांधावर बसल्या. आता त्यातले निम्मे बूट पुरुष बाजाराला घालून जातात आणि एका घरी कोंबडी त्यात अंडी घालते. चूक आमची, विचारलं असतं तर बायांनीच आधी सांगितलं असतं.

नंतर नीट समजून घेतलं. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत पडतात, एक-दोन दिवसांत फुटतात आणि साधारण आठवड्याभरात अळी कातडीतून आत शिरायला तयार होते. तिला हवी असते ओलसर, सावलीतली, भुसभुशीत माती. भरलेल्या खाचरात ती तितकी टिकत नाही, कडक उन्हात तर मरतेच. म्हणजे धोका आवणीच्या चिखलापेक्षा पाड्यामागच्या झाडीत, जिथे पहाटे अनवाणी जातात त्या वाटेवर जास्त. तिथून आल्यावर बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, आपण चिखल्या झाल्या म्हणून तेल-हळद लावतो आणि विसरतो. चिखल्या असतातही बऱ्याचदा, पण प्रत्येक वेळी नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कैरोमध्ये आर्थर लूस नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातावर चुकून अळ्यांचं पाणी सांडलं, हात खाजला, आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्याच शौचात हुकवर्मची अंडी सापडली, तेव्हा कुठे जगाला कळलं की हा प्राणी नुसता तोंडातून नाही तर कातडीतूनही येतो. तिथून रक्तातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळला की आतड्यात, आणि मग तिथे चिकटून रक्त पीत बसतो, वर्षानुवर्षं.

आता हिशोब करा. आपल्याकडे दोन जातीचे हुकवर्म असतात, त्यातला कमी पिणारा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घालवतो. काहीच नाही वाटतं ना? पण पोटात शंभर असले की दिवसाला ३ मिली आणि महिन्याला ९० मिली, म्हणजे एक कटिंग चहा. बाईचं पाळीत जेवढं रक्त जातं त्याच्या दुपटीहून जास्त. दुसरी जात तर याच्या पाचपट पिते. आणि हे चालू असताना बाई गरोदर आहे, पोटातलं बाळ लोह मागतंय, जेवणात नाचणीची भाकर, भात आणि पातळ डाळ, सकाळपासून हंडे वाहायचे. गरोदरपणात एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, ७ च्या खाली गेलं की धोकादायक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना आणि पाच वर्षांखालच्या ६७.१ टक्के मुलांना रक्त कमी निघालं. हे सगळं जंतांमुळे असं मी म्हणत नाही हां. जेवण, मलेरिया, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), लागोपाठची बाळंतपणं, सगळं मिळून होतं. पण यात जंतांचा वाटा किती हे आमच्या पाड्यांवर कोणी मोजलेलंच नाही, आणि मुद्दा तिथेच आहे.

गेल्या भाद्रपदात आमच्या पाड्यावरची एक पहिलटकरीण, पाचवा महिना, एचबी ६.८. लोहाच्या लाल गोळ्या घेत होती, आशाताईंनी रिकामी पाकिटं मोजून घेतली होती. सगळे तिलाच ओरडले की गोळ्या फेकून देत असशील. ती माती पण खायची, डोहाळे म्हणून कोणी अडवलं नाही, आणि खरं तर माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा रक्त कमी असण्याचंच लक्षण असतं, वर त्या मातीतून बाकीच्या जंतांची अंडी पोटात जातात ते वेगळंच. शेवटी रक्त चढवायला लागलं. या सगळ्यात तिची शौचाची तपासणी करावी असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, आमच्यासकट. उंदीर लागलेल्या कणगीत भात ओतत राहायचं आणि कणगी भरत का नाही म्हणून घरच्या बाईला बोल लावायचे, तसला प्रकार.

कोणी म्हणेल सरकार गोळ्या देतंच की. देतं, आणि चांगली गोष्ट आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल, दोन वर्षांखाली अर्धी गोळी. गरोदर बाईला चौथा महिना लागल्यावर एक गोळी द्यायची असंही अ‍ॅनिमियामुक्त भारत या सरकारी योजनेच्या नियमात आहे (पहिल्या तीन महिन्यांत द्यायची नाही, हे लक्षात ठेवा, मनाने आणून देऊ नका). अडचण कॅलेंडरची आहे. फेब्रुवारीत आमचे पाडे रिकामे असतात. दिवाळी झाली की माणसं जगायला जातात, भिवंडी, वसई, शहापूरकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर, पोरं आणि गरोदर बायका बरोबरच. होळीला दोन दिवस तोंड दाखवतात आणि परत जातात ते आभाळ भरून यायला लागलं की येतात. ज्या बाईचा चौथा-पाचवा महिना भट्टीवर गेला तिची गोळी गावच्या रजिस्टरमध्ये ‘स्थलांतरित’ अशा एका शब्दात संपते. आणि ऑगस्टच्या गोळीचं सांगायचं तर, एका गोळीने सगळे जंत जातातच असं नाही, वर माती तेव्हा इतकी ओली असते की महिन्या-दोन महिन्यांत परत शिरायला सुरुवात.

आता थोडं संशोधनाबद्दल, कारण आमच्यातल्या एका शिक्षकाने हट्टाने सगळं वाचून काढलंय आणि तो म्हणतो की पैसे मागताना अर्धवट सांगायचं नाही. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातला अभ्यास २००४ मध्ये छापून आला, ज्या बायांना गरोदरपणात दोनदा अल्बेंडाझोल मिळालं त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅमने जास्त भरलं आणि सहा महिन्यांपर्यंतचे बालमृत्यू ४१ टक्क्यांनी कमी दिसले. वाचून आम्ही उड्याच मारल्या. मग त्याने युगांडाचं काढलं. एन्टेबे शहरात अडीच हजार गरोदर बायांमध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी, असा जास्त कडक अभ्यास झाला, तर बाळांच्या वजनात फरकच नाही. मग खरं काय? नेपाळमध्ये अशा चिठ्ठ्या टाकून तुलना झाली नव्हती हे एक कारण. दुसरं म्हणजे एन्टेबेत ज्यांना हुकवर्म होता त्यातल्या बहुतेकींना हलका होता. पोटात दहा जंत असणं आणि तीनशे असणं यात फार फरक आहे. म्हणजे गोळीने किती फायदा होईल हे ज्या त्या गावातला भार किती यावर बरंच अवलंबून. आमचा भार नेपाळसारखा की एन्टेबेसारखा, देव जाणे.

म्हणून मोजायचंय, आणि मोजणी गावातच करायला लागते याचं कारण ऐका. काटो-कॅट्झ नावाची पद्धत आहे, साधी आहे, चाळलेल्या शौचाचा ठरलेल्या मापाचा ठिपका काचेवर घ्यायचा, ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेन वर दाबायचा, दिसतील ती अंडी मोजायची, २४ ने गुणायचं, की एका ग्रॅममध्ये किती ते कळतं. हुकवर्मसाठी २००० च्या आत हलका, ४००० आणि वर भारी. पण ग्लिसरीनमुळे हुकवर्मची अंडी अर्ध्या-एक तासात विरघळून दिसेनाशी होतात, आणि नमुना नुसता डबीत ठेवला तर दिवसभरात अंडी फुटून अळ्या बाहेर. आपल्या घाटातून एसटीने तालुक्याला, तिथून जिल्ह्याला डबी पोचेपर्यंत रिपोर्ट ‘निल’ येणार हे ठरलेलंच.

एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) डिपार्टमेंटने आम्हाला शिकवायची आणि कागदोपत्री सगळं बघायची तयारी दाखवलीय, त्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकही डबी वाटणार नाही. कोणालाही गोळीपासून मागे ठेवायचं नाही, जिला जंत निघतील तिला आपल्या पीएचसीतूनच (प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच) औषध मिळेल, कोणाचा रिपोर्ट काय आला हे दुसऱ्याला कळणार नाही. बायांची मीटिंग झाली तेव्हा एक आजी म्हणाली, आधी रक्त मागायचे, आता हे पण न्या. खूप हशा झाला पण नंतर त्याच आजीने सुनेचं नाव पहिलं लिहायला लावलं. भगतालाही बोलावलं होतं, तो आला, चहा घेतला, विरोध केला नाही, हे पुष्कळ झालं.

खर्च असा. चांगला दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप ३५,००० रुपये, काचा, डब्या, ग्लोव्हज, बाकी सामान ८,०००. चपला साडेतीनशे जोड, १५० च्या भावाने ५२,५००, यंदा बायांनीच पसंत केल्यात, मागे पट्टा असलेल्या, झाडीच्या वाटेवर घालायच्या, खाचरात नाही. बारा संडास दुरुस्त करायचेत, बांधले होते कोणे एके काळी पण खड्डा एकच, तोही दगडात, पाण्याची सोय नाही, म्हणून आत लाकडं आणि गोवऱ्या भरल्यात, प्रत्येकी ६,००० धरून ७२,०००. आणि हिवाळ्यात आशाताईंची यादी घेऊन भट्ट्यांवर आपल्या बायांना शोधत फिरायचं, तिथल्या जवळच्या पीएचसीतून त्यांची गोळी आणि तपासणी करून घ्यायची, त्याला गाडीखर्च १५,०००. एकूण १,८२,५००. गावातून आणि गणपतीच्या शिलकीतून ४१,००० जमलेत, गावातल्या ४१ ची किंमत काय असते ते तुम्हाला सांगायला नको. राहिले १,४१,५००. आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पावती मिळेल, आणि दर महिन्याला हिशोब ग्रुपवर पडेल, कोंबडीच्या बुटासकट.

पैसे नसतील तर दुसरी कामं आहेत. लॅब टेक्निशियन असाल तर चार रविवार येऊन आमच्या दोन पोरींना स्लाईड वाचायला शिकवा, दोघी बारावी सायन्स झाल्यात, हुशार आहेत, राहायची-जेवायची सोय आमच्याकडे. भिवंडी-शहापूरकडे भट्टीवाले ओळखीचे असतील तर एक शब्द टाका, संध्याकाळी सहानंतर तासभर आत येऊ दिलं तरी पुरे, कामाचं नुकसान करणार नाही. मात्र औषधं पाठवू नका, गोळ्या पीएचसीत फुकट आहेत. जुने कपडेही नकोत, मागच्या वेळी आलेल्या जीन्स अजून समाजमंदिरात पडून आहेत.

घाई यासाठी की दिवाळीनंतर पाडे रिकामे होतील. मोजणी दसऱ्याच्या आसपास सुरू झाली तरच माणसं सापडतील, त्यामुळे मायक्रोस्कोपचे पैसे आधी हवेत, चपला-संडास मागून आले तरी चालेल. आणि कोणाच्या कॉलेजात किंवा बंद पडलेल्या लॅबमध्ये जुना मायक्रोस्कोप धूळ खात असेल तर तोही चालेल, खाली आरसा असलेला असेल तर फारच छान, कारण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, ऊन मात्र दसऱ्यापर्यंत पडायला लागतं.