ताईस, गाडीच्या ऑइलबद्दल

शहापूर, बेळगाव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सर्व्हिसचा अंदाज चष्मा लावून दोनदा वाचला. फोन केला तर तुझी मीटिंग चालू, म्हणून लिहायला बसलो. 7,400 रुपये. त्यातलं इंजिन ऑइल आणि फिल्टर हवंच. कूलंट आणि ब्रेक ऑइलचं पुढे सांगतो. पण इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन हे तिन्ही तुझी गाडी न बघताच लिहिलेलं आहे. ते काढून टाकायला सांग. संकोच करू नकोस, गाडी तुझी आहे.

ऑइल घरी बदललं तर चालेल का, असं तू विचारलंस. चालेल. तुझी गाडी जुनी घेतलेली, वॉरंटी संपलेली. वॉरंटी असती तर मीच म्हणालो असतो की कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये ने आणि बिलं फाइलला लावून ठेव. गणपतीला येशील तेव्हा आपण अंगणात दोघं मिळून करू. पुण्याहून तवंदी घाट ओलांडून येईपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं असेल. तू जेवून घे, तोवर ते कोमट होईल. थंडगार ऑइल नीट निथळत नाही, आणि उकळतं असलं तर हात भाजतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यात 31 वर्षं मशीनवर काढली, जड वस्तू किती गुपचूप घसरते ते डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडे लोखंडी रॅम्प आहेत. त्यांवर गाडी चढवायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ओंडके लावायचे. मग रिंग पान्ह्यानं ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल काढायचा तळाचा नट, सैल करायचा, खाली घमेलं ठेवायचं. पण कुठला नट, ते आधी नीट बघायचं. माझ्या पहिल्या गाडीचं मी इंजिनऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल काढून टाकलं होतं, आणि इंजिनात जुन्यावरच नवं ओतलं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, खुणेच्या कितीतरी वर ऑइल दिसलं म्हणून इंजिन सुरू करण्याआधी कळलं. जास्त भरलं की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, त्यात बुडून फिरतो, ताकासारखा फेस होतो आणि फेसाचं वंगण होत नाही.

जुना फिल्टर काढला की त्याचं रबर त्याच्यासोबत आलं का, हे बोटानं चाचपून बघ. ते इंजिनालाच चिकटून राहिलं आणि वर नवा फिल्टर बसला, तर दोन रबरांमधून सगळं ऑइल काही मिनिटांत बाहेर येतं. नव्या रबराला बोटभर ऑइल लावायचं, फिल्टर हातानंच आवळायचा. ड्रेन नटाला नवा वायसर घालायचा. नट ताकद लावून पिळायचा नाही. इंजिनाच्या तळाशी ॲल्युमिनियम असलं आणि आटे गेले, तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं, ते गाडीच्या पुस्तकात बघून आण. दुकानदार म्हणेल ते नको.

पैसे फार वाचतात म्हणून मी हे सांगत नाही. कॅन आणि फिल्टर विकत घेतला, रविवारची सकाळ घालवली, की कोपऱ्यावरच्या गॅरेजपेक्षा वाचतात ते थोडेच. पण घमेल्यात पडणारं ऑइल आपल्या डोळ्यांना दिसतं. ते काळं असलं तर घाबरायचं नाही, काजळी उचलून घेणं हेच त्याचं काम. दुधाळ झालेलं असलं तर कूलंट किंवा पाणी आत शिरतंय. बोटांत चोळल्यावर चमचम करणारा चुरा लागला तर बेअरिंग झिजतंय. कारखान्यात कुठल्याही मशीनचं तेल काढलं की आधी ते उजेडात धरायचो. बिलावर हे कधीच लिहून येत नाही.

कूलंटही घरी जमेल, पण इंजिन पूर्ण थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येते. बोअरचं पाणी घालायचं नाही, आत क्षारांचा थर धरतो. कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं, म्हणून सांडलेलं लगेच पुसायचं. आपल्या गल्लीतली कुत्री तुला माहीतच आहेत.

ब्रेक ऑइल मात्र मी घरी करू देणार नाही.

तू सातवीत होतीस. मंगेशीला निघालो होतो, मागे आत्या आणि आजी, डिकी भरलेली. कणकुंबी ओलांडून चोर्ल्याच्या उताराला लागलो आणि एका वळणावर ब्रेकचं पेडल सरळ खाली गेलं. तुम्हाला काही बोललो नाही. दुसरा गिअर टाकला, पेडल भरभर दाबत राहिलो, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि रुंद जागा बघून गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. तू विचारलंस, पप्पा, इथं का थांबलो? मी म्हणालो, दरी बघायला. पाऊण तासानं पेडल परत घट्ट झालं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-3 ग्रेडचं नवं असताना साधारण 205 अंश सेल्सिअसला उकळतं, 3.7 टक्के पाणी शिरलं की 140 ला. डॉट-4 चं 230 वरून 155 वर येतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय नुसती वाफ दाबत राहतो. बेळगावात परतल्यावर बघितलं तर ऑइल चहासारखं काळपट. आणि चार महिन्यांपूर्वीच्या बिलात ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं लिहून पैसे घेतलेले. गाडी आत नेली होती, मी बाहेर खुर्चीत बसून सही केली होती. त्या सहीची अजून मला लाज वाटते.

म्हणून हे काम मेकॅनिककडेच कर, कारण चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढायला माणसं लागतात, काही एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांना स्कॅनरही लागतो. पण तू गाडीजवळ उभी राहा. डब्याचं सील तुझ्यासमोर फोडायला सांग. आत येऊ देत नसतील तर ते गॅरेज सोड. दर दोन वर्षांनी हे व्हायलाच हवं, मग गाडी कितीही कमी चालो.

जळकं ऑइल कुठं टाकायचं विचारशील. तुझे आजोबा खानापुरात गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी ते फासायचे. आपण तसं करायचं नाही, विहीर जवळ आहे. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचराच आहे. मी ते कॅनमध्ये भरून गॅरेजच्या बॅरलमध्ये देऊन येतो, तिथून पुनर्प्रक्रियेला जातं.

येताना गाडीचं पुस्तक आणि मागच्या मालकाची बिलं घेऊन ये. निघण्याआधी ब्रेक ऑइलचं झाकण पुसून उघड आणि आतल्या ऑइलचा एक फोटो पाठव, रंग मला बघायचाय. काळपट असलं तर आधी तिथंच बदलून घे, मग निघ. आईनं कुंदा सांगून ठेवलाय.

तुझे,
पप्पा